मनोहरभाऊंचा कन्सेप्ट अल्बम

मला काम दिलं ते मनोहरभाऊंनी आणि डोक्यावर छप्पर दिलं ते त्यांच्या मोठ्या बहिणीने, कुसुमताईंनी. हे सगळ्यात आधी लिहून टाकते. कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून मनोहरभाऊ तुम्हाला अर्धवट वाटतील, आणि तसं वाटू नये अशी माझी फार इच्छा आहे. थोडेफार वाटतीलच, त्याला माझा इलाज नाही.

आपल्याला कोणी ओळखू नये म्हणून मनोहरभाऊ बाजारात वेष पालटून जातात. डोळ्यांवर काळा गॉगल, तोंडाला दुपट्टा, वर टोपी. आता वर्ध्याच्या उन्हात अर्धा बाजार असाच तोंड बांधून फिरतो, त्यामुळे वेष असा काही होतच नाही. शिवाय भाऊंची चाल. दर चार पावलांनी जरा थबकतात, मागून कोणी हाक मारणार असल्यासारखे. भाजीवाली लांबूनच ओरडते, "या मनोहरभाऊ, वांगे पाहा कसे ताजे आहेत!"

भाऊ चिडतात. "कसं ओळखलं व तू मले?"

"अव बाप्पा, पन्नास वर्सं झाले पाहून राह्यली, आता नाई ओळखीन तं कवा ओळखीन?"

ओळखलं की असे चिडतात. पण एखाद्या दिवशी खरोखरच कोणी हाक मारली नाही, तर घरी येऊन नीट जेवत नाहीत. वांग्याची भाजी ताटात इकडून तिकडे सारत बसतात.

"हे काय सोंग आहे रे मन्या?" कुसुमताई विचारतात. सगळी वस्ती त्यांना भाऊ म्हणते, मन्या म्हणणाऱ्या एकट्या ताई.

"सुपरस्टार लोकाईले कसं वाटत असंन ते पाहून राह्यलो, ताई. कन्सेप्ट आहे."

"तुह्या कन्सेप्टले फोडणी देऊ काय आता?"

हे सगळं लिहायची परवानगी मी भाऊंकडून घेतली आहे. ते म्हणाले, "लिही. पण माह्यं नाव बदल. विक्रांत ठेव." मी नाव बदललं, पण विक्रांत ठेवलं नाही. मार्च महिन्यात माकडटोपी घालून दारात बसणाऱ्या माणसाला विक्रांत शोभत नाही. दुकान मी वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत आहे असं लिहिते आहे. ते तिथे नसेल तर तिथल्या लोकांनी रागावू नये. आणि माझं नाव, गाव मी लिहीत नाही. माझं गाव महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, एवढं पुरे.

आठवीनंतर माझी शाळा सुटली, म्हणजे सोडवली. मग लग्न लावून दिलं. त्या घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक दिवस तिथून निघाले आणि कापसाच्या जिनिंगच्या हंगामाला निघालेल्या बायांबरोबर इकडे आले. हंगाम संपला, बाया आपापल्या गावी गेल्या. मला जायला गाव नव्हतं. गावात मला शोधणारे मात्र होते. घरून फोटो फिरवले जात आहेत, नवरा आणि दीर गाड्या करून हिंडत आहेत, असं कानावर आलं होतं.

मनोहरभाऊंचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. पुढे गिऱ्हाईक, मागे कापूस पिंजायचं यंत्र, त्याच्यामागे राहायचं घर. मी दुकानासमोर उभी राहिले. भाऊंनी मला पाहिलं आणि एकच विचारलं, "टाका सरळ येते काय?"

मी म्हटलं, "येतो."

"मंग बस."

कुठून आलीस, कोणाची, कशाला, काही नाही. बाकीचे सगळे प्रश्न कुसुमताईंनी त्याच दुपारी भात वाढता वाढता विचारले आणि उत्तरं ऐकून भाताबरोबर माझ्या ताटात तुपाची धार सोडली. तेव्हापासून मी मागच्या खोलीत राहते, खोळी शिवते, गाद्यांना टाके घालते.

तर अल्बम.

भाऊंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं की ते गादीवाले नाहीत, कलावंत आहेत, गाद्या हा त्यांचा स्टुडिओ आहे. त्यात तथ्य होतं. दुकानाच्या मागे एक अडगळीची खोली होती. तिच्या चारी भिंतींना भाऊंनी गाद्या उभ्या केल्या होत्या, दाराला रजई, खिडकीला उशा. आत गेलं की बाहेरचं काही ऐकू येत नसे. मालगाडीची शिटी तेवढी यायची. वर्धा जंक्शनला कापूसही थोपवू शकत नाही. आत एक माईक, भाच्याचा जुना लॅपटॉप आणि एक स्टूल. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. आता मे महिन्यात वर्ध्यात, चारी बाजूंनी कापूस लावलेल्या खोलीत, पंखा बंद करून माणूस किती गाऊ शकतो? भाऊ एक कडवं गाऊन बाहेर यायचे ते विहिरीतून काढल्यासारखे. कुसुमताई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. "गाणं झालं का जीव गेला?"

"हा साधा अल्बम नाई," भाऊ मला सांगायचे. "कन्सेप्ट अल्बम आहे. म्हंजे गाने वेगवेगळे, मानूस एकच."

तो एकच माणूस म्हणजे बंटी. सुपरस्टार बंटी, मुक्काम सिंदी रेल्वे. बंटीला काहीही येत नाही, पण प्रसिद्ध व्हायचं आहे. पहिल्या गाण्यात तो स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स स्वतःच छापतो. खाली शुभेच्छुकांचे चेहरे लावायला मित्र कमी पडतात, म्हणून एकाच मित्राचा फोटो एकदा गॉगल घालून आणि एकदा काढून लावतो. पुढच्या गाण्यात तो आरशासमोर मुलाखत देतो आणि आरशाने अवघड प्रश्न विचारला म्हणून उठून जातो. मग दोन बॉडीगार्ड ठेवतो. ते त्याचे चुलतभाऊ असतात आणि गर्दी हटवायच्या ऐवजी चहा कधी मिळेल ते विचारत राहतात. मग एका पिठाच्या गिरणीचं उद्घाटन. हारतुरे घेऊन घरी येतो तर आई म्हणते, तो सिलिंडर आत आण आधी.

फ्लेक्सच्या गाण्यातल्या ओळी मला पाठ आहेत:

फ्लेक्सवर माह्यं तोंड मोठं,
गल्ली पडली लहान,
खाली उभे शुभेच्छुक,
त्याईले नाई मान!

चाल भाऊंचीच. हल्ली कॉलेजची पोरं गिटारवर हळू हळू गातात तशी, मधेच डफ वाजावा तशी. मला गाण्यातलं कळत नाही, पण खोळ शिवताना पाय आपोआप हलायचा.

गाता मला येतं. घरी कोणी ऐकू नये म्हणून हळू गायची सवय लागली होती, ती टाके घालतानाही सुटली नाही. एकदा भाऊ रजईच्या दारातून डोकं काढून म्हणाले, "हा आवाज कोनाचा?"

मी घाबरून सुई खाली ठेवली. "माझाच. चुकून आला."

"असा चुकून कोनाचा येत नाई. आत ये."

मी सांगितलं की मला जमणार नाही. मग सांगितलं की जमेल, पण माझं नाव नको, कुठेच नको. भाऊ म्हणाले, "या अल्बममधी माह्याशिवाय कोनाचंच नाव नाई. कन्सेप्ट आहे." आणि खरंच, गीत, संगीत, गायन, दिग्दर्शन, ध्वनी, गादी-व्यवस्था, सगळीकडे त्यांचंच नाव होतं. शेवटी कुसुमताईंनी "अन् चहा कोनं पाजला?" असं विचारल्यावर खाली एक ओळ वाढवली: चहा, कुसुमताई.

तर मी गायले. बंटीला पाहायला जमलेल्या बायांच्या तोंडची ओळ:

आला आला बंटी आला, बाजूले सरा रे,
ह्याले कोनी ओळखत असंन तं हात वर करा रे!

यात गंमत अशी, की कोणीच हात वर करत नाही. गाण्यात त्या ओळीनंतर भाऊंनी मुद्दाम जागा रिकामी सोडली होती. पार शांतता. त्या शांततेत बंटी एकटा उभा. भाऊंना ती जागा फार आवडायची. हेडफोन कानाला लावून ते तेवढीच शांतता पुन्हा पुन्हा ऐकायचे.

अल्बम इंटरनेटवर चढवला. ऐकणारे आम्ही तिघं. भाऊ आपल्या मोबाइलवर, ताईंच्या मोबाइलवर आणि माझ्या मोबाइलवर आळीपाळीने लावायचे, म्हणजे आकडा वाढतो.

मग पिंटूभाऊ आले. पिंटूभाऊ वस्तीतले भावी नगरसेवक. किती वर्षं भावी आहेत कोणाला आठवत नाही. कार्यकर्त्यांना झोपायला गाद्या सांगायला आले होते. दुकानात मी गायलेलं ते 'आला आला बंटी आला' सुरू होतं. ऐकता ऐकता पिंटूभाऊंची मान हलायला लागली.

"काका, हे कोनाचं गानं आहे?"

"माह्यं."

"माह्यासाठी पाठवा बरं मोबाइलवर."

"अरे पन पिंटू, हे तुह्यासारख्या लोकाईवर टीका आहे. फ्लेक्सवाल्याईवर."

पिंटूभाऊ खूश झाले. "म्हंजे माह्यावरच आहे ना? मंग तं पाह्यजेच!"

पिंटूभाऊंच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीत डीजेवर ते गाणं लागलं. आणि भाऊंनी ज्या ठिकाणी शांतता सोडली होती, त्या ठिकाणी मिरवणुकीतल्या सगळ्या पोरांनी दोन्ही हात वर केले. हात वर करा म्हटलं होतं ना! डीजेवाल्याने ती ओळ पुन्हा लावली. पुन्हा हात वर. त्या दिवसापासून जिल्ह्यात जिथे वरात तिथे ते गाणं. वधू, वर, वरमाय, घोडेवाला, सगळ्यांचे हात वर.

भाऊ दारात उभे राहून जाणारी वरात पाहत होते. "कोनालेच कन्सेप्ट समजला नाई व," म्हणाले. पण म्हणताना त्यांचा पाय तालावर हलत होता आणि माकडटोपी त्यांनी काढून खिशात ठेवली होती, चेहरा दिसावा म्हणून.

पिंटूभाऊंनी सत्कार ठरवला. चौकात फ्लेक्स लागला. एका बाजूला पिंटूभाऊ, दुसऱ्या बाजूला आमचे मनोहरभाऊ, तेवढेच मोठे. भाऊ म्हणाले, छपाई कशी झाली ते पाहून येतो. मग म्हणाले, दोरी नीट बांधली का पाहून येतो. मग कारण सांगायचंच सोडलं. फ्लेक्सखाली उभे राहायचे आणि सायकलवरून जाणाऱ्यांकडे पाहायचे. कोणी एकदा फ्लेक्सकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं की घरी येऊन दोन भाकरी जास्त खायचे. नवा कुर्ता शिवायला टाकला. बंटीची ज्यांनी एवढी टिंगल केली, त्यांना असं खूश झालेलं पाहून मला हसू यायचं आणि बरंही वाटायचं.

पण त्याच फ्लेक्सवर मधे एका बाईची काळी सावली छापली होती आणि खाली लिहिलं होतं: ती आवाजाची मलिका कोण? रविवारी सभागृहात या आणि ओळखा!

मी तो फ्लेक्स पाहिला आणि ओढणी तोंडावर ओढून मागच्या मागे घरी आले.

वस्तीत तोच खेळ सुरू झाला. एक माणूस माईक आणि मोबाइल घेऊन घरोघर विचारत फिरत होता, त्याच्या चॅनेलवर टाकायला. आमच्याही दुकानात आला. मी मागे कापसाच्या ढिगाआड बसून राहिले. एक गिऱ्हाईक बाई उशी बघता बघता म्हणाली, "तुमचा बोलायचा आवाज त्या गान्यातल्या बाईसारखाच वाटते नं?" मी त्या दिवसापासून गुणगुणायचं बंद केलं. बोलायचंही जवळजवळ बंद केलं. कोणी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत माझ्या गावाकडे पोचला, माझा चेहरा आणि दुकानाची पाटी एकत्र दिसली, की संपलं. दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी.

शनिवारी मी माझी पिशवी भरली आणि भाऊंना सांगितलं, "मी जाते. रायपूरकडे काम मिळतं म्हणतात."

भाऊ नव्या कुर्त्याला इस्त्री करत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "कुठी नाई जायचं. उद्या सत्काराले येजो. ताईजवळ बसजो. समोर."

"भाऊ, तुम्हाला कळत नाहीये."

"मले सारं समजते. बसजो समोर."

मला वाटलं, काही समजलं नाही यांना. सत्काराच्या नादात आहेत. रात्रभर पिशवी उशाला घेऊन पडले. सकाळी कुसुमताईंनी पिशवी काढून घेतली आणि माझ्या केसांना तेल लावून वेणी घातली. मी गेले.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत आम्ही. माईकवाला माणूस मोबाइल रोखून उभा. पिंटूभाऊंनी भाषण केलं, ते मुख्यतः स्वतःवर. मग शाल, नारळ. भाऊंच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. एवढं सुंदर दिसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते आणि टाळ्या थांबल्यावरही भाऊ तसेच, अजून वाजत असल्यासारखे उभे.

पिंटूभाऊ माईकवर म्हणाले, "आता काका, सांगा! ती आवाजाची मलिका कोन आहे? इथं आहे का?"

सगळं सभागृह माना वळवून बघायला लागलं. कुसुमताईंनी माझा हात धरला.

भाऊंनी माईक हातात घेतला. "कोनती मलिका?"

"ती गानारी बाई, काका!"

"बाई कुठी होती? तो मीच हाव."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग मागून एक पोट्टा ओरडला, "गाऊन दाखवा!"

आणि भाऊंनी गायलं. बाईच्या आवाजात. म्हणजे त्यांना जो बाईचा आवाज वाटत होता त्यात. कुकरची शिटी अर्धवट अडकावी तसा आवाज निघाला. "आला आला बंटी आला" म्हणताना शालीचा पदर केला, डोक्यावर घेतला, एक हात कमरेवर. वरच्या सुराला आवाज फाटला तरी सोडला नाही. सभागृह आधी थक्क झालं, मग फुटलं. लोक खुर्च्यांवरून हसून हसून घसरले. माईकवाल्याचा मोबाइल हसण्याने हलत होता. "मोबाइलमधी आवाज बदलवता येते, पिच वाढवलं का झालं!" भाऊ मधेच समजावून सांगत होते आणि पुन्हा गात होते. पहिल्या कडव्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते पूर्ण गाणं गायले, शेवटपर्यंत, म्हणजे कोणाच्या मनात शंका राहू नये.

पिंटूभाऊंचा चेहरा उतरला होता. आपल्या वाढदिवसाला आपण एका म्हाताऱ्या काकाच्या बायकी आवाजावर नाचलो, हे त्यांना मानवलं नाही. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडे पोचला. त्यात भाऊ आहेत, शाल आहे, खुर्च्यांवरून पडणारे लोक आहेत. मी कुठेही नाही.

डीजेवाल्यांनी गाणं बंद केलं. चौकातला फ्लेक्स दोनेक दिवसांत उतरला. पोरं भाऊंना पाहून पदर घेतल्यासारखं करतात आणि "मलिका!" म्हणून पळतात. बाईला शोधायचं मात्र कोणाच्या डोक्यात राहिलं नाही.

सभागृहातून आम्ही तिघं ऑटोने घरी आलो. भाऊ पुढे ऑटोवाल्याशेजारी बसले होते, शाल मांडीवर घडी करून. कुसुमताई माझ्याकडे सरकल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "जवानीत नागपूरले रेडिओवर आवाजाची परीक्षा द्याले गेलता हा. नाई घेतलं त्याईनं. मंग वर्सभर गायलाच नाई. लोकं इचारतात बंटी कोन आहे. मले तं पयल्या गान्यातच मन्या दिसला होता."

मला तेव्हा कळलं, की त्या सभागृहात भाऊंनी काय दिलं. मी पुढे वाकून विचारलं, "भाऊ, असं का केलंत?"

ते रस्त्याकडे पाहतच बोलले. "मले कोनी ओळखलं नाई तं चालते, बाई. आतापावतो चाललंच नं. तुले कोनी ओळखलं तं नाई चालत." आणि ऑटोवाल्याला म्हणाले, "डाव्या हाताले घे."

हे वाचून पिंटूभाऊ रागावतील का, असं मी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "पिंटू कायले रागावते? त्याच्यावर कोनी लिहिलं म्हनून पेढे वाटंन."

माझं घटस्फोटाचं काम कोर्टात आहे. वकीलबाई म्हणतात, सुटका होईल, अजून थोडा धीर धर. ज्या दिवशी मला माझं नाव कोणासमोरही मोठ्याने सांगता येईल, त्या दिवशी मी त्याच सभागृहात उभी राहणार आहे. मी फार भित्री आहे, पण उभी राहीन. आधी माझं नाव सांगेन, मग हे गाणं कोणी लिहिलं, चाल कोणी लावली, ते सांगेन आणि जसं आहे तसं गाऊन दाखवेन. भाऊंना पुढच्या रांगेत बसवेन. मनोहरभाऊ, तुमचं हे देणं मी फेडणार आहे. तोवर तब्येतीला जपा.